वन्सं, तुमची तिसरी रेघ

वन्सं,

तक्ता अजून जेवणघराच्या भिंतीवरच आहे. दिवसकार्य झाल्यावर मी घर आवरायला घेतलं, तेव्हा हे एवढंच म्हणाले, "आक्काचा तक्ता राहू दे." घरातल्या भिंतींबद्दल ह्यांनी आजवर कधी मत दिलेलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. मी हात मागे घेतला.

लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत नातवंडं, सई आणि अर्णव, तिकडे नेदरलँड्समध्ये बसून. दोघं मराठी चांगलं बोलतात, वाचतात मात्र सावकाश. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. "शालू, हे मला कशाला सांगतीस, मी हुते की तिथं," असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

परवा सईने फोनवर विचारलं, "वन्सं हे आत्याआजीचं नाव होतं का?" नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला आमच्यात वन्सं म्हणतात, असं मी सांगितलं. मग तिने खरं नाव विचारलं. द्वारका. तुमचं नाव तिला तुम्ही गेल्यावर कळलं, आणि तेही तिने विचारलं म्हणून. मी त्या मुलांना काय काय व्यवस्थित शिकवलं: इंग्रजी स्पेलिंगं, पत्राचा मायना, संध्याकाळचे श्लोक. आत्याआजीला नाव आहे, हे सांगायचं राहिलं.

मुलांचा बाबा, मिलिंद, नोकरीसाठी तिकडे गेला त्या वर्षी तुम्ही हे काम काढलंत. मिरजगावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर तुम्ही नगरला या घरात आलात, त्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. भाचा गेला तो देश समजून घेतल्याशिवाय तुम्हाला चैन पडेना. नकाशावर पट्टी लावलीत आणि हसत सुटलात. "अगं शालू, आपलं अडीच नगर जिल्हे झाले की हा देश संपला!" मग कुठल्याशा पेपरात वाचलंत, की हा अडीच जिल्ह्यांचा देश दरवर्षी बाहेरून जेवढा माल आणतो, तेवढा आपला अख्खा भारत आणत नाही. ते काही तुम्हाला पटेना.

"एवढीशी माणसं. खात्यात तरी किती?"

मी संगणकावर आकडे शोधून वाचून दाखवले. इंग्रजी माझं, पट्टी तुमची, अशी वाटणी तिथेच ठरली. तुम्ही आलेखाचे कागद जोडून मागच्या वर्षांपासून सुरुवात केलीत. भारताची आयात लाल रेघेने, नेदरलँड्सची निळ्या. निळी वरून ऐटीत चाललेली, लाल खाली तळाशी रांगणारी. त्यानंतर दर पाडव्याला, संध्याकाळी गुढी उतरवली की गाठीचा तुकडा तोंडात टाकून तुम्ही स्टुलावर चढायचात आणि मी गेल्या वर्षीचे दोन आकडे वाचायचे. आधी पेन्सिल, मग शाई. रेघा वर सरकत गेल्या तसा कागद पुरेना. तुम्ही वर कागद चिकटवत गेलात. तक्ता पंख्याच्या बटणांना वळसा घालून माळ्यापर्यंत पोचला. घरी येणारा प्रत्येक माणूस विचारायचा हे काय आहे, आणि मी म्हणायची, "वन्संचं काहीतरी चालू असतं."

वाण्याच्या दुकानात तर तुमच्याबरोबर यायची मला चोरी. पोत्यांवरची अक्षरं वाचत उभ्या राहायचात.

"ही तूर कुठली रे?"

"आफ्रिकेची हाय आक्का. पन शिजती चांगली."

"आफ्रिका देश न्हाई, खंड हाय. देश सांग."

तो बिचारा पोतं फिरवून फिरवून बघायचा. मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. शेवटी त्याला मोझांबिक पाठ झालं, आणि मी नुसती दुकानासमोरून गेले तरी तो ओरडायचा, "बाई, आक्काला सांगा, ह्या टायमाला ब्रह्मदेशाची आलीय!"

रेघ वर चढते याचा तुम्हाला आनंद व्हायचा आणि मला कमीपणा वाटायचा. माझे वडील खादीवाले. बाहेरून आणावं लागणं म्हणजे आपल्याला जमलं नाही, असं आम्ही घरात शिकलो. तुमचं म्हणणं, "वाढतं घर हाय. लागंलच की."

तुमचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही, वन्सं. करोनाच्या वर्षाचा ठिपका खाली आला तेव्हा तुम्हीच उलट बोललात. "बघ, तुझ्या वडिलांचं ऐकलं देशानं. कमी आणलं!" मी म्हटलं, कारखाने बंद होते, लोकांच्या हाताला काम नव्हतं, मागणीच नव्हती. उपास वेगळा आणि उपासमार वेगळी. नगर-मिरजगाव रस्त्याने पोरंबाळं घेऊन चालत जाणारी माणसं आपण दोघींनी टीव्हीवर पाहिली होती. "बरोबर हाय तुझं," म्हणालात, आणि त्या वर्षी गाठी खाल्ली नाहीत.

आपलं खरं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून होतं आणि ते मिटलं नाही. ते सुरू करून दिलं मिलिंदने. फोनवर तुम्ही त्याला पुन्हा तेच विचारलंत, एवढं आणून करता काय? तो म्हणाला, "आत्या, इथलं बंदर मोठं आहे. जहाजांतून माल उतरतो आणि बराचसा तसाच जर्मनीकडे वगैरे जातो. खोकीही उघडत नाहीत."

तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि मांडीवर थाप मारलीत. "म्हंजे घोडेगावचा बाजार की!"

मी कधी घोडेगावचा गुरांचा बाजार पाहिलेला नव्हता. तुम्ही लहानपणी वडिलांबरोबर बैल घ्यायला गेला होतात. "बाजाराच्या दिवशी घोडेगावात पाय ठेवाय जागा नसती. गाई, म्हशी, बैल, शेरडं. ती समदी घोडेगावची व्हत्यात का? सांजच्याला बघ, दावी मोकळी. तसं हाय हे. जे येऊन तसंच गेलं ते त्यांचं न्हाईच. ते वजा कर."

"वन्सं, असं वजा करता येत नाही. सीमेच्या आत आलं की ती आयात. नोंद ती नोंद."

"आन् राहिलं का गेलं, ते कोन बगतं?"

"त्याचा तक्ता वेगळा असतो."

"मग तो काढ."

"मग आपल्याकडे कच्चं तेल येतं, शुद्ध होऊन बाहेर जातं. तेही वजा करायचं का?" मला वाटलं, आता सापडल्या.

"ते आपन शिजवलं. शिजवून वाढलेलं आपलंच." तुम्ही एक क्षणही थांबला नाहीत. "खोकंच उघडलं न्हाई, त्याचं कौतुक मला सांगू नको. तक्ता काढ, कॉन्व्हेंट."

माझ्या इंग्रजीवरून ठेवलेलं ते नाव. 'कॉन्व्हेंट' म्हणालात की मी समजायचे, वाद रंगात आला आहे. काढते म्हणाले. पुढच्या पाडव्याला तुम्ही विचारलंत, मी पुन्हा काढते म्हणाले. तिसऱ्या रेघेसाठी तुम्ही हिरवं पेनही आणून ठेवलं होतंत. मी काढला नाही. आळस नव्हता. आळस माझ्या स्वभावात नाही. मला तुमचं म्हणणं सोयीचं वाटलं, हिशेब आपल्या बाजूने वळवून घेतल्यासारखं. आणि खरं सांगायचं, तर इंग्रजी तक्त्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असावा, असंही वाटत होतं.

मुलांनी यात आपापली बाजू घेतली होती. सई निळीची, अर्णव लालचा. तुम्ही सईशी पैज मारलीत, "मी असंस्तवर लाल रेघ तुझ्या रेघेला गाठनार. गाठली न्हाई तर पाडव्याची आख्खी गाठी तुझी." ती तिकडून नाचायची, "नाही गाठणार, नाही गाठणार!" आणि खरंच, लाल जवळ जायची, की निळी आणखी वर. दर वर्षी तुम्ही फोनच्या कॅमेऱ्याला गाठी दाखवायचात आणि म्हणायचात, "फुडल्या साली बघू."

आणखी एक गोष्ट मुलांना आठवत असेल. तुम्ही फ्रिज उघडण्याआधी विचारायचात. "शालू, एक लिंबू घेऊ का?" सरबताला, वरणावर पिळायला, कशालाही. मला वाटायचं तुमची रीत आहे. शिक्षिकेची शिस्त. मी वहीत डोकं घालून किंवा भाजी चिरता चिरता म्हणायची, "घ्या की." लिंबू तुम्हीच मंडईतून निवडून आणलेलं असायचं. आपल्याच घरातलं लिंबू घ्यायला कुणी विचारत नाही, हे माझ्या लक्षात यायला काय हरकत होती? मी डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी बाई. कुठला डबा कुठे ते मला डोळे मिटून सांगता येतं.

आता दवाखान्याचं.

संक्रांतीनंतर तुम्हाला दम लागायला लागला आणि मी आणि हे तुम्हाला रिक्षाने घेऊन गेलो. हे तुमच्या जुन्या फायली आणायला परत गेले. तुम्ही चाकाच्या खुर्चीत, मी शेजारी. काउंटरवरच्या मुलीने नाव, वय विचारलं. मग म्हणाली, "पेशंट तुमच्या कोण?"

मी म्हणाले, "मिस्टरांच्या बहीण. आमच्याकडे असतात."

साधं वाक्य आहे. त्या मुलीने मान हलवली आणि पुढचं विचारलं. मलाही तेव्हा काही वाटलं नाही. तुमचे कान शेवटपर्यंत तल्लख होते.

दुपारी खिडकीजवळची खाट मिळाली. मी मोसंबं सोलत होते. तुम्ही म्हणालात, "शालू, मगाशी त्या पोरीला काय म्हनालीस? आमच्याकडं असत्यात."

"अहो, बोलायची पद्धत असते ती."

"व्हय, व्हय." आणि मग हसलात. "बरोबर हाय तुझं. नोंद ती नोंद."

माझेच शब्द. टोमणा होता की गंमत, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. कळत नव्हतं तर विचारायचं होतं. अख्खी दुपार माझ्या हातात होती. मी मोसंब्याच्या फोडींवरचा पांढरा दोरा काढत बसले, एकेका फोडीवरचा, अगदी नीट. तुम्ही दोन फोडी खाल्ल्यात, म्हणालात गोड आहे. संध्याकाळी तोंडावर मास्क आला आणि त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

मी आयुष्यभर भाषा शिकवली. मुलींना सांगायची, तोंडातून जो शब्द पटकन येतो तो आत आधीपासून तयार असतो. 'माझ्या नणंदबाई' म्हणता आलं असतं. 'घरातल्याच' म्हणता आलं असतं. तो एक शब्द 'आमच्याकडे असतात'पेक्षा आखूडच आहे. हे लिहायला बसले तेव्हा वर, तुम्ही नगरला आलात त्या ओळीत, मी आधी पुन्हा 'आमच्याकडे आलात' असंच लिहिलं होतं. खोडलं. कागदावर खोडता येतं.

दहाव्याला राजूरहून तुमच्या सासरचा पुतण्या आला. मी त्याला प्रथमच पाहत होते. तुमचे यजमान इतक्या लवकर गेले, की राजूरचं नाव या घरात कुणी फारसं काढत नसे. डोंगरातला तांदूळ घेऊन आला होता बिचारा. ओट्यावर पिशवी ठेवून घरभर बघत होता. तक्त्यासमोर उभा राहिला.

"ह्योच का तो? काकू सांगायची."

मी विचारलं, "तुमच्याशी बोलणं व्हायचं?"

"दर दिवाळीला फोन यायचा की. म्हनायची, येक डाव ये रे माज्या घरी. नगरला आमचं मोठं घर हाय, भावजय लई शिकलेली हाय, पन मला कंदी कुनी पाव्हनी म्हनून वागवलं न्हाई." मग त्याला अवघडल्यासारखं झालं. "तुमी बसा बाई. मी घेतो पानी."

मी चहा टाकायला आत गेले. त्या दिवशी चहाला फार वेळ लागला.

वन्सं, तुम्ही त्याला खोटं सांगितलंत असं मी म्हणू शकत नाही. तुम्हाला तसं खरंच वाटत असेल, तर मला न शोभणारं श्रेय तुम्ही मला दिलंत. आणि वाटत नसेल, तर माझी लाज तुम्ही राजूरपर्यंत झाकून नेलीत. दोन्हीपैकी काय होतं ते आता तुमच्यापाशीच राहिलं. कृतज्ञ व्हावं म्हटलं तरी मान वर होत नाही.

यंदा गुढी उभारली नाही. वर्षाच्या आत सण नाही. तरी संध्याकाळी मुलांचा फोन आला, आणि दोघंही पडद्यावर तक्ता शोधत होती, म्हणून मी फोन तो दिसेल असा पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मी दोन आकडे काढून ठेवले होते. स्टुलावर हे चढले, कारण माझे गुडघे. लाल ठिपका, निळा ठिपका. निळा अजूनही वर.

"मी जिंकले," सई म्हणाली, पण हळूच, आणि नाचली नाही.

मी म्हटलं, "थांब. आत्याआजीची एक रेघ राहिली आहे."

दुपारीच मी तो वेगळा तक्ता शोधला होता, वन्सं. आलेल्या मालापैकी किती तसाच बाहेर गेला आणि किती तिथे राहिला, हे तो देश रीतसर छापतो. इंग्रजीतही. शोधायला, कपातला चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला. तेवढाच वेळ मी तुम्हाला देत नव्हते. मुलांसाठी एक नोंद करते: आपल्याकडूनही थोडा माल न उघडता बाहेर जात असणार, त्याचा नीट तक्ता मला मिळाला नाही, म्हणून लाल रेघ आहे तशीच ठेवली आहे. आत्याआजीला हे चाललं असतं की नाही, मला माहीत नाही. तिने वाद घातला असता.

हिरवं पेन तुमच्या टेबलाच्या खणात होतं. सुकलं असेल वाटलं, पण चाललं. ह्यांनी ठिपके दिले, मी खाली उभी राहून तिथे राहिलेल्या मालाचे वर्षावर्षाचे आकडे वाचले, आणि ठिपके जोडायची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, "ही तू काढ." त्यांनी स्टूल धरलं, मी चढले. तुमच्यासारखी सरळ आली नाही. हिरवी रेघ निळीच्या बरीच खालून गेली. आणि जुन्या कागदावर, तुमच्या डिंकाचा पिवळा डाग आहे त्याच्या जरा अलीकडे, लाल रेघ तिला ओलांडून वर निघून गेलेली होती. कितीतरी पाडव्यांपूर्वी. त्यानंतरही तुम्ही दर वर्षी गाठी हातात धरून "फुडल्या साली बघू" म्हणत राहिलात.

अर्णवला आधी दिसलं. "क्रॉस झालीय! आजी, ती कधीच क्रॉस झालीय! आत्याआजीला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"का?"

"मला सांगता आलं असतं," मी म्हटलं. "मी शोधलं नाही."

मुलांसमोर मी अशी कधी उभी राहिलेली नाही. मग सईने विचारलं, "मग गाठी कुणाची?"

यंदा घरात गाठी आणलेली नव्हती. मी तिला तेही सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी आण. आत्याआजीची आहे, तिच्या रेघेवर लाव."

हे स्टूल उचलून ठेवायला गेले. कोपऱ्यात तुमच्या अक्षरात लिहिलेलं आहे, लाल: भारत, निळी: नेदरलँड्स. खाली हिरवीसाठी जागा सोडलेली होती. तिथे मी लिहिलं, 'आलं आणि राहिलं'. नाव तुम्हाला आवडलं नाही तर स्वप्नात येऊन 'कॉन्व्हेंट' म्हणा.

दवाखान्यातल्या त्या मुलीने विचारलेला प्रश्न मला आता कुणी विचारणार नाही. म्हणून उत्तर इथे, सई आणि अर्णवसमोर देते. पेशंटचं नाव द्वारका. माझ्या कोण? घरातल्या.